कापसाच्या सात घड्या

शालनच्या हाडाचं खरं काय ते तिसऱ्या दिवशी कळलं, सावडायला गेल्यावर.

हिरण्यकेशीच्या काठावर राख निवली होती. तिच्या नवऱ्यानं, जोतीराम पोवारानं, वरून दूध-पाणी शिंपडलं. मेहुणा बापूसो मडकं धरून उभा राहिला. चारचौघं अशा वेळी हाताला येतील ती हाडं उचलतात आणि उरलेलं पाण्यात लोटतात. पण जोतीराम हाडवैद्य होता, बापापासून नव्हे, आज्यापासून. राखेत हात घातला की बोटांना आपोआप कळायचं. ही टाच, ही गुडघ्याची वाटी, हा मणका. त्याला ते नको होतं, तरी कळत होतं.

"दाजी, उरका आता. ऊन चढाय लागलंय," बापूसो म्हणाला.

तेवढ्यात डाव्या अंगाचं गळ्याचं हाड हाताला लागलं. डॉक्टर त्याला कॉलरबोन म्हणतात, जुनी माणसं हासळी म्हणायची. ते दोन तुकड्यांत होतं. जाळात हाड तडकतं हे जोतीरामला ठाऊक होतं. पण जाळात तडकलेल्या हाडाची कड खरखरीत असते, बोटाला टोचते. या दोन तुकड्यांची टोकं गोल होती, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. दोन वर्षं एकमेकांवर घासून घासून झालेली.

म्हणजे हाड जुळलंच नव्हतं.

त्यानं दोन्ही तुकडे रुमालात बांधले आणि खिशात घातले.

"काय ठेवलंसा दाजी?"

"काय न्हाई. चल."

मुलगी वृषाली पुण्याहून आली होती. ती घाटाच्या पायरीवर बसून रडत होती. तिनं काही बघितलं नाही. मडकं नदीत सोडलं तेव्हा जोतीराम हात जोडून उभा राहिला, आणि खिशातल्या रुमालावर त्याची मूठ आवळलेली होती.

*

पूर्वी कॉलरबोन मोडलं की गावात दोन पक्ष पडायचे. इस्पितळातले डॉक्टर म्हणायचे, कापून प्लेट बसवा. हाडवैद्य म्हणायचा, हात गळ्यात बांधा, पाठीमागून पट्टा आवळा, सहा आठवडे धीर धरा, हाड आपलं आपण जुळतं. खरं म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते. या हाडाला रक्ताचा पुरवठा बरा असतो आणि बहुतेकांचं नुसत्या झोळीनंही जुळतं. प्लेट बसवली तर ते लवकर आणि भरवशानं जुळतं, पण तिचेही ताप असतात. जखम चिघळते, छातीवरची कातडी बधिर होते, कधी प्लेटच टोचायला लागते आणि काढायला पुन्हा कापावं लागतं. अडचण होती ती थोड्या लोकांची. दहा-पंधरा जणांत एखाद्याचं हाड झोळीत जुळायचं नाही. तो एखादा कोण, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता यायचं नाही.

मग टिचकी आली. इंग्रजी नाव काहीतरी लांबलचक होतं, पण लोकांनी टिचकीच म्हटलं. रुपयाएवढ्या दोन चकत्या. एक गळ्याजवळ चिकटवायची, दुसरी खांद्याजवळ. दिवसातून तीनदा पहिली चकती हाडावर बारीक ठोका मारते आणि दुसरी तो ऐकते. हाड मोडकं असेल तर ठोका मधल्या फटीत मरतो. फटीत कूर्चा, म्हणजे कोवळं मऊ हाड, धरायला लागली की थोडा पलीकडे जातो, हाड पक्कं झालं की खणखणीत पोचतो. बाजारात बाई मडकं घेताना बोटानं वाजवून बघते, तसलाच प्रकार. ठोके आपोआप इस्पितळात पोचायचे. तिथलं मशीन हजारो जुन्या रुग्णांशी ताडून सांगायचं, हे जुळेल, थांबा. हे जुळणार नाही, कापा. शेवटचा एक्स-रे काढायची पद्धतही त्यामुळे बंद पडली. किरणांचा त्रास कशाला, टिचकी सांगतेच की.

या मशीननं जोतीरामला कधी नव्हे तो मान मिळवून दिला. मशीन दहातल्या आठांना सांगायचं की कापू नका. मग त्या आठांचे पट्टे कोण बांधणार? हाडांच्या डॉक्टर रेहाना नाईकवडी स्वतः त्याच्या दारात आल्या होत्या.

"अण्णा, तुमच्या हातासारखा पट्टा माझ्या पोरांना बांधता येत नाही. आमच्यात या," त्या म्हणाल्या.

दारावर निळी पाटी लागली. 'जोतीराम तु. पोवार, मान्यताप्राप्त अस्थिबंधक.' त्याचा बाप इस्पितळाच्या फाटकातून हाकलला गेला होता. पाटी लावली त्या दिवशी जोतीरामनं शालनला तीनदा विचारलं, सरळ लागलीय का. ती रस्त्यावर जाऊन, मान तिरकी करून बघून आली.

"पाटी सरळ हाय. तुमचीच मान वाकडी झालीया बघून बघून," ती म्हणाली.

पट्ट्यांसाठीचा कापूस शालनच पिंजायची. तीस वर्षं तिनंच घड्या घातल्या. एका जाडीच्या, एका लांबीच्या.

*

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी ती नदीवर वाकळा धुवायला गेली. ओली वाकळ खांद्यावर घेऊन चढताना पायरीवरून घसरली आणि डाव्या खांद्यावर पडली. हाड मधोमध मोडलं. एक टोक दुसऱ्यावर दोन बोटं चढलं होतं.

डॉक्टर नाईकवडींनी एक्स-रे पडद्यावर लावला. मशीनचा निकाल खाली आला होता. जुळण्याची शक्यता शंभरात पंचावन्न. तीन आठवडे ठोके बघा. वाढले नाहीत तर प्लेट.

"अण्णा, मला विचाराल तर आजच करू. तासाभराचं काम आहे. टोकं फार चढलीत," डॉक्टर म्हणाल्या.

"मशीन तीन आठवडे म्हणतंय की."

"म्हणतंय. पण काकू बावन्न-त्रेपन्नच्या आहेत..."

"तीन आठवडे," जोतीराम म्हणाला. शालनला कुणी विचारलं नाही. ती खुर्चीत कोपर धरून बसली होती.

त्यानं स्वतः पट्टा बांधला. आयुष्यातला सगळ्यात चांगला. गल्लीतली माणसं बघायला आली. तालमीतला एक जुना पैलवान म्हणाला, "वैद्याच्या बायकूचं हाड मोडलं म्हंजे सोनाराच्या घरची अंगठी मोडल्यासारखं. घरातच जोड." सगळे हसले. जोतीरामही हसला.

पण तीन आठवड्यांनी ठोका होता तिथंच होता. फोनच्या पडद्यावर रेघ आडवी पडली होती. पेरून विसरलेल्या वाफ्यासारखी, कोंब नाही काही नाही. सोमवारी इस्पितळातून बोलावणं येणार होतं. वैद्याच्या बायकोला प्लेट. पैलवान काय म्हणेल, बाजारात लोक काय म्हणतील, हे सगळं त्याच्या कानात आधीच वाजायला लागलं.

त्याला वाटत होतं की हाड जुळेल. हे खोटं नव्हतं. बाप म्हणायचा, हाड उशीर करतं पण वाट चुकत नाही. मशीनला धीर नाही एवढंच. आणखी सहा-सात आठवडे मिळाले तर त्याचा पट्टा काम करेल, आणि ते आठवडे मिळवायचे कसे, एवढाच प्रश्न आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी त्यानं तिच्या खांद्यावरच्या चकत्या सोडवल्या.

"खाज येतीया म्हनाली होतीस न्हवं? थोडा वेळ मीच लावून बसतो."

ती बघत राहिली. त्यानं सदरा काढला, चकत्या स्वतःच्या धडधाकट हाडावर लावल्या, आणि चकतीच्या खाली कापूस ठेवला. कोरड्या कापसानं चकती ओरडली, अंगाला लागली नाही म्हणून. त्यानं कापूस मिठाच्या पाण्यात भिजवला. चकती गप्प झाली. पण कापूस एकीकडे जाड, एकीकडे पातळ होत होता आणि ठोका कधी वर तर कधी खाली.

शालन उठली. उजव्या हातानं तिनं त्याच्या हातातला कापूस घेतला.

"आणा हिकडं. तुमाला घड्या सारख्या जमत न्हाईत."

तिनं सात घड्या घातल्या. एका हातानं, मांडीवर दाबून. एका जाडीच्या, एका लांबीच्या. दर आठवड्याला एक घडी काढायची, म्हणजे ठोका पायरी-पायरीनं वाढेल आणि मशीनला संशय येणार नाही. हा हिशेब त्यानं सांगितला नव्हता. तो तिनंच केला.

"सांगू नगंस कुणाला," तो म्हणाला.

"कुनाला सांगू? पाटी तेवढी सरळ राहू दे."

सोमवारी बोलावणं आलं नाही. फोन आला. डॉक्टर खुशीत होत्या. "अण्णा, ठोका हलला! मशीननं मुदत वाढवली."

पुढचे सात आठवडे सकाळ, दुपार, संध्याकाळ ठरल्या वेळी जोतीराम सदरा काढून खोलीत बसायचा, बायकोचं हाड होऊन. दहाव्या आठवड्याला शेवटची घडी निघाली. मशीननं लिहिलं, पूर्ण जुळलं, शस्त्रक्रियेविना.

त्यानं तिच्या खांद्यावर बोट दाबलं. मधे गाठीसारखं कडक लागलं.

"दुखतं का?"

"न्हाई," शालन म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टर नाईकवडींनी शिकाऊ डॉक्टरांना घेऊन त्याच्या घरी फेरी काढली. एवढी टोकं चढलेली असूनही पट्ट्यावर जुळलेलं हाड, असं त्या म्हणाल्या. त्यांनी शालनला हात वर करायला सांगितलं. तिनं खांद्यापर्यंत केला आणि हसून म्हणाली, "पदर पडतोय बाई." पोरं हसली, आणि तपासणी तिथंच संपली.

त्यानंतर घरात एक गोष्ट होत गेली. चुलीवरच्या फळीवर पितळेचे डबे होते. आधी डाळीचा डबा खाली ओट्यावर आला. मग गुळाचा. मग एकेक करत सगळे. वर्षभरात फळी रिकामी झाली. अंबाडा घालायला ती शेजारच्या सुनेकडे जायला लागली. जोतीराम रोज त्या ओट्यावरून पाणी घ्यायचा. डबे बाजूला सरकवायचा आणि पाणी घ्यायचा.

आश्विनात एका सकाळी भाकरी थापताना ती बसल्या जागी कलंडली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. हाडाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

*

सुतक संपल्यावर तिसऱ्या दिवशी इस्पितळानं पहिली पेशंट पाठवली. मंगल आवळे, वय एक्कावन्न, वीज कंपनीत लाईनवर काम करणारी, खांबावर चढणारी. मोटरसायकल घसरून डाव्या खांद्यावर पडली होती. आल्या आल्या तिनं शालनच्या फोटोला हात जोडले.

"काकूंचं आयकून वाईट वाटलं अण्णा. पर माझं भाग्य बघा. मशीननं काकूंचंच नाव काढलंय."

तिनं कागद पुढं केला. शस्त्रक्रियेची गरज नाही. जुळण्याची शक्यता शंभरात ब्याऐंशी. खाली लिहिलं होतं, सर्वांत जवळचा जुना रुग्ण: शालन जोतीराम पोवार, पट्ट्यावर पूर्ण जुळलं.

जोतीरामनं तिच्या हाडावर बोटं ठेवली. टोकं तशीच चढलेली. फट तशीच. अशीच दोन टोकं त्याच्या कपाटात होती, रुमालात.

"बाई, तुमी परत डॉक्टरबाईकडं जावा. ऑपरेशन करून घ्या."

मंगल हसली. "आवो, लोकं म्हंत्यात पोवार अण्णा मेलेल्याचंबी हाड कापू देत न्हाईत, आनि तुमी मला कापायला सांगताय? मला खांबावर चढायचंय अजून सात वर्सं. चिरफाड झाली तर हापिसात टेबलावर बसवत्याल मला."

"म्हनूनच सांगतोय."

"काकूंचं जुळलं न्हवं? मग?"

जोतीरामनं कपाटातला रुमाल काढून खिशात घातला. त्यानं तिचा हात झोळीत बांधला आणि तिच्याबरोबर इस्पितळात गेला. मंगलला बाहेर बसवलं.

डॉक्टर नाईकवडी उठून उभ्या राहिल्या. आधी त्याची विचारपूस केली. मग त्यानं मंगलचं सांगितलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"अण्णा, तीस वर्षं तुम्ही प्लेट नको म्हणून माझ्याशी भांडलात. आज मशीन नको म्हणतंय, बाई नको म्हणतीय, आणि तुम्ही म्हणताय कापा. मी कशाच्या आधारावर कापू?"

"माझ्या बोटांच्या."

"बोटं कागदावर कशी लिहू? दुसरं काही आहे?"

इथून परत जाता आलं असतं. बोटांचं म्हणणं सांगून झालं होतं. डॉक्टरांनी ऐकलं नाही, म्हणून घरी जाता आलं असतं. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. मग खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि सोडला.

डॉक्टरांनी दोन्ही तुकडे उचलले नाहीत. नुसत्या वाकून बघत राहिल्या. टोकं गोल का आहेत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"कुणाचं आहे हे?"

"शालनचं."

"पण टिचकी..."

"मी लावली होती. माझ्या अंगावर. खाली कापूस घालून."

मग त्यानं सगळं सांगितलं. घड्या, मिठाचं पाणी, सात आठवडे. घड्या कुणी घातल्या तेवढं मात्र सांगितलं नाही. मी घातल्या, असं म्हणाला. सांगताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. डॉक्टरांनी मशीनचा पडदा स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ बोटं चालवली.

"हा एक रेकॉर्ड मशीननं एकोणीस वेळा आधाराला घेतलाय," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "चढलेली टोकं, वय जास्त, पट्ट्यावर जुळलं, असा आपल्याकडं हा एकच रुग्ण होता. म्हणून मशीन त्याच्यावर जास्त भरवसा ठेवत होतं. एकोणिसातल्या चौघांचं हाड वर्षभरात जुळलेलं नाही. ते माझ्याकडं येत होते. मी त्यांना म्हणत होते, धीर धरा, पोवारकाकूंचं जुळलं, तुमचंही जुळेल."

जोतीरामनं टेबलावरच्या रुमालाची कड दोन बोटांनी सरळ केली.

"मला सांगायचं होतंत अण्णा. त्याच सोमवारी. मी हसले असते, थोडं चिडवलं असतं, आणि प्लेट बसवली असती. एवढंच झालं असतं."

"व्हय."

"काकूंना दुखत होतं?"

"इचारलं न्हाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "एकदा इचारलं हुतं."

डॉक्टरांनी तुकड्यांचे फोटो काढले. शालनचा रेकॉर्ड खोडला. मंगलची माहिती पुन्हा मशीनला दिली. पडदा क्षणभर थांबला आणि शंभरात एकोणपन्नास असा आकडा आला. खाली लिहून आलं, शस्त्रक्रियेचा विचार करावा.

"रुमाल घेऊन जा," डॉक्टर म्हणाल्या. "पाटीचं मी वर कळवीन. काय करायचं ते वरून ठरेल."

"त्यांना कशाला तरास. मीच काढतो."

*

नवा आकडा बघून मंगल तयार झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला प्लेट बसली. कापल्यावर दोन टोकांच्या मधे स्नायूचा तुकडा अडकलेला सापडला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो तिथं असेपर्यंत हाड जन्मात जुळलं नसतं. एक्स-रेमध्ये तसलं काही दिसत नाही. आठवड्यानं मंगल टाके दाखवून परत जाताना त्याच्या दारात थांबली. तिला सगळं कळलं होतं. गावात आता सगळ्यांनाच कळलं होतं.

"अण्णा, मी वाचलो त्ये तुमच्यामुळं न्हाई," ती म्हणाली. "काकूंमुळं. मेल्यावर का हुईना, त्यांचं हाड बोललं." आत येऊन तिनं पुन्हा फोटोला हात जोडले. पाणी विचारलं तर नको म्हणाली.

हाड न जुळलेल्या त्या चौघांचे पत्ते त्यानं डॉक्टरांकडून मागून घेतले. डॉक्टर म्हणाल्या, इस्पितळातून पत्र जाईल, तुम्ही जायची गरज नाही. तरी तो एसटीनं गेला. पहिल्या घरी म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहा पाजला. दुसरी बाई भांडली. शिलाई मशीन चालवायची ती, आता डावा हात कापडावर ठरत नव्हता. "तुमच्या पाटीपायी?" ती चार वेळा म्हणाली. "पाटीपायी?" तिसऱ्यानं दारच उघडलं नाही. जोतीरामनं दाराबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. आत टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला होता, म्हणजे ऐकत असावेत.

पाटी काढल्यावर भिंतीवर निळसर चौकोन राहिला. दोन दिवसांनी वृषालीचा फोन आला. शेजारच्या सुनेनं तिला पाटीचं सांगितलं होतं, नुसतं पाटीचं.

"अण्णा, पाटी का काढली हो?"

"रंग द्यायचाय भिंतीला."

"मग नीट जपून ठेवा. आईनं बघून सरळ लावून घेतलेली ती. आणि ऐका, मी इथं सगळ्यांना सांगते. एवढं चढलेलं हाड माझ्या वडिलांनी नुसत्या हातानं जोडलं. कुणाला खरं वाटत नाही."

तो हं म्हणाला.

"जेवताय ना?"

"जेवतोय."

फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला. डबे ओट्यावरच होते. त्यानं गुळाचा डबा उचलून वर फळीवर ठेवला, मग थोडा वेळ बघून परत खाली ठेवला.

चौथ्या माणसाकडे अजून जायचं आहे, तो आजऱ्याच्या पुढे राहतो. रुमालातले दोन तुकडे अजून नदीत सोडलेले नाहीत. ते सोडताना वृषाली जवळ हवी, आणि वृषालीला अजून सांगितलेलं नाही.